नाव नको, वक्कल बघा: पॉइंट टू टूच्या चार डब्यांची परीक्षा

सौद्यात कुणी "राजापुरी हाय, डोळे झाकून घ्या" म्हणाला की आम्ही आधी डोळे उघडतो. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, वडिलांपासूनची. वक्कल म्हणजे एका शेतकऱ्याचा एका वेळचा माल. बियाणं एक, गाव एक, रानं बांधाला बांध लावून. तरी एकाची वक्कल शिजवताना कच्ची राहिलेली असते आणि शेजाऱ्याची कडकन मोडते. त्यामुळं हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, मग बोली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, तरी मोडून बघायचं काय सुटलं नाही.

एवढं कळत असून नेमबाजीच्या पॉइंट टू टू (.२२) रायफलची काडतुसं मात्र मी कैक वर्षं डब्यावरचं नाव बघून घेत आलो. म्हणून हा हिशेब मांडतोय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. वय ५६. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्या वर्षी थोरलीला एअर रायफलच्या क्लासला घातलं. तिला सोडायला जायचो आणि बाकावर बसून पेपर वाचायचो. आमचे कोच फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, अपशिंग्याचे. सगळे त्यांना सुभेदार साहेब म्हणतात. एक दिवस ते म्हणाले, "शेठ, नुसतं बसण्यापेक्षा आडवं तरी व्हा." झालो आडवा. प्रोन म्हणजे पालथं पडून मारायचं. पोट सुटलेल्या माणसाला याहून सोयीचा खेळ नाही. पुढं परवाना काढला, जुनी आन्शुट्झ कंपनीची १९०७ मॉडेलची रायफल घेतली. साठ गोळ्यांत माझा स्कोअर ५९५ ते ६०३ च्या मध्ये घुटमळतो (गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९). राष्ट्रीय स्पर्धेत मला कुणी ओळखत नाही, क्लबात चहा मीच पाजतो.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसहून थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ आणलं, तेव्हापासून क्लबात पोरांची रीघ लागलीय. एअर रायफलवरून पॉइंट टू टूवर आलेल्या प्रत्येक पोराचा बाप मला गाठून एकच विचारतो, "शेठ, गोळी कुठली घ्यावी?" मी आधी सरळ सगळ्यात महागड्या डब्याचं नाव सांगायचो. ते बंद केलंय, त्याचं कारण माझ्याच खिशाला लागलेली चाट.

गेल्या दिवाळीत मी एक ब्रिक उचलली, म्हणजे पन्नासचे दहा डबे. जगात जी तीन-चार नावं सगळ्यात वरची मानतात त्यातलं एक. साध्या गोळीच्या जवळजवळ तिप्पट भाव. नाव लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते पुढं कळेल. पहिल्याच रविवारी ५९१. म्हटलं, दिवाळीचा फराळ नडला. दुसऱ्या रविवारी ५९३. टेलिस्कोपमधून बघतोय तर गोळी दहातून सुटतेय वर, नवाच्या रेघेवर, आणि मला तर वाटतंय शॉट छान सुटलाय. श्वास तपासला, स्लिंग (रायफल हाताला बांधून धरायचा पट्टा) एक भोक घट्ट केली, बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) हलवली. सुभेदार साहेब मागं उभे राहून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "शेठ, तुम्ही माणूस दुरुस्त करताय. गोळी कुणी तपासली?"

आता गोळीत तपासण्यासारखं काय असतं, ते पोरांच्या बापांसाठी थोडं सांगतो. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून जवळजवळ तसंच चालत आलंय. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. याच्यात तशी नसते. पेटवणारा मसाला बुडाच्या कडेच्या आत, पोकळ वळीत भरलेला असतो. ओला मसाला टाकून काडतूस गरगर फिरवायचं, की तो कडेत जाऊन बसतो. पिन कडेवर आपटली की ठिणगी. आता हा मसाला एका बाजूला जरा जाड आणि दुसरीकडं पातळ बसला, की आतली चिमूटभर दारू दर वेळी सारखी पेटत नाही, आणि गोळीचा वेग मागंपुढं होतो. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही. हळकुंड निदान मोडून बघता येतं, काडतूस उडवल्याशिवाय आत काय होतं ते समजत नाही आणि उडवलं की ते संपलं.

मॅचची, म्हणजे स्पर्धेसाठीची गोळी सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगानं सुटते, आवाजाच्या वेगाच्या जरा खालून. गणित केलं तर दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला, तर पन्नास मीटरवर त्या एकमेकींपासून वर-खाली सात-साडेसात मिलिमीटर लांब पडतात. तुम्ही कितीही स्थिर असा. टार्गेटवरची दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि गोळी ५.६ ची, रेघेला कड लागली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य ८ मिलिमीटर चुकला तरी चालतं. त्या आठातले साडेसात गोळीनंच खाल्ले तर माणसाच्या वाट्याला काय राहणार?

नवीन पोरं एक चूक हमखास करतात. डब्यावर "हाय व्हेलॉसिटी" वाचून खूष होतात. जोरात जाणारी गोळी सरळ जाईल असं वाटतं. या काडतुसात उलटं होतं: आवाजाच्या वेगापलीकडं गेलेली गोळी हवेत वेग जास्त घालवते आणि वाऱ्यानं जास्त ढकलली जाते. टार्गेटसाठी ते डबे नकोतच.

तर परीक्षा. जानेवारीतले दोन रविवार, सकाळी सातला. कृष्णेवर धुकं असतं, वारं नसतं आणि हळदीचे सौदे अजून तेजीत आलेले नसतात. वारं नसणं महत्त्वाचं, कारण सेकंदाला एक मीटरचं आडवं वारं, म्हणजे ज्यानं उदबत्तीचा धूर नुसता कलतो तेवढं, या गोळीला पन्नास मीटरवर सहाएक मिलिमीटर सरकवतं. रायफल टेकवायला बारदानाच्या छोट्या पिशव्या शिवून नदीची वाळू भरली. बारदान आमच्याकडं फुकट. पिशव्यांना हळदीचा वास राहिला तो राहिलाच.

चार प्रकारचे डबे घेतले. प्रत्येक डब्यात पन्नास. पहिल्या दहा गोळ्या मोजायच्याच नाहीत. कारण या काडतुसाचं वंगण गोळीच्या बाहेरच्या अंगावर असतं आणि नळीत त्याचा थर बसतो. कंपनी बदलली की आधीचा थर निघून नवा बसायला दहा-वीस गोळ्या जातात. बरेच जण पाच गोळ्या एकीच्या मारतात, पाच दुसरीच्या, आणि निकाल लावून मोकळे होतात. ते पहिल्या गोळीचं वंगण दुसरीच्या नावावर टाकणं झालं. राहिलेल्या चाळीसचे दहा-दहाचे चार ग्रुप. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, जितका लहान तितका चांगला. पाचाचा ग्रुप मी धरत नाही. पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेला नमुना आणि पाचाचा ग्रुप यांची लायकी एकच, दोन्ही नेमके विकणाऱ्याच्या सोयीचे निघतात.

मोजायला कुपवाड एमआयडीसीतल्या एका मित्राचा व्हर्निअर आणला. इथं एक खुबी आहे. कागदातलं भोक ५.६ चं पडत नाही, कागद मागं मिटतो. म्हणून आधी एकटं पडलेलं भोक मोजायचं (माझ्या कागदावर ५.२ आलं) आणि ग्रुपच्या बाहेरून बाहेरच्या मापातून तेवढं वजा करायचं. मग सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं खरं अंतर मिळतं. खालचे सगळे आकडे तसे काढलेत.

पहिला डबा क्लबात सरावाला येतो तो, स्वस्तातला. चार ग्रुप: ३१, २४, ३८, २७ मिलिमीटर. सरासरी ३०. ३८ चा ग्रुप बघाल तर नऊ गोळ्या बऱ्या जवळ आहेत आणि एक आपली वेगळीच पळालीय. एक बार फुसकाही निघाला. (पिन पडून गोळी सुटली नाही तर लगेच बोल्ट (काडतूस आत घालायचा-काढायचा दांडा) उघडायचा नाही. तोंड टार्गेटकडंच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. सुभेदार साहेब साठ मोजायला लावतात, तेही मोठ्यानं.) या डब्याचंही नाव घेत नाही. स्वस्त आहे, स्लिंगमध्ये बसायला, श्वास आणि ट्रिगर शिकायला चालून जातं. पण त्यावर साइट (नेम धरायचं साधन) लावायला बसू नका, वेड लागेल.

दुसरा, एसके स्टँडर्ड प्लस. १७, १५, १९, १७. सरासरी १७. इतकं सरळ वागणारं माणूस यार्डात सापडत नाही. चाळीसात एकही गोळी पळाली नाही. बोल्टला लागताना वंगण किंचित चिकट वाटतं, पण एवढंच.

तिसरा तो महागडा. १९, १६, २१, १६. सरासरी १८. म्हणजे एक तृतीयांश किमतीच्या डब्यापेक्षा मिलिमीटरभर मागंच. आणि चारही ग्रुप उभे, काकडीसारखे. आडवी रुंदी सुरेख, सगळी गडबड वर-खाली. वेगाचा फरक म्हणतात तो हाच असावा. माझ्या दिवाळीच्या ५९१ चा पंचनामा तिथं कागदावर झाला.

चौथा, लापुआ सेंटर-एक्स. १३, १२, १५, १२. सरासरी १३. तिसऱ्या ग्रुपमधल्या १५ ला मीच कारण होतो, ट्रिगर ओढताना शिंक आली. एक सांगायला हवं: एसके आणि लापुआ ही दोन्ही पॉइंट टू टू काडतुसं जर्मनीतल्या श्योनेबेक गावच्या एकाच कारखान्यात बनतात. त्यामुळं दोन्हीचं माझ्या रायफलशी जमलं याचं मला फार नवल वाटलं नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठरलं, सेंटर-एक्स घ्या. थांबा. महागड्या डब्याची उरलेली अर्धी ब्रिक आमच्या क्लबातल्या वकील साहेबांनी माझ्याकडून परवान्यावर रीतसर नोंद करून घेतली, मी जवळजवळ अर्ध्या भावात देतो म्हणालो म्हणून. त्यांची रायफल वॉल्थर. तीच काडतुसं, तोच लॉट (कारखान्यातला एका घाण्याचा माल), त्याच बारदानाच्या पिशव्यांवर: सरासरी १२. मी परत मोजलं. १२. वकील साहेब तेव्हापासून मला बघून हसतात आणि चहाचे पैसे स्वतः देतात, म्हणजे लाज वाटत असावी. म्हणून त्या कंपनीचं नाव मी लिहिलं नाही. तिची चूक काय? तिच्या त्या वकलीचं माझ्या नळीशी पटलं नाही, एवढंच.

आणि मार्चमध्ये सेंटर-एक्स संपत आली म्हणून दुसरी ब्रिक आणली, तिचा लॉट नंबर वेगळा होता. डबा तोच, रंग तोच. सरासरी १६. वाईट नाही, पण १३ नाही. कारखाना एकच, यंत्रं तीच असतील, तरी मसाल्याचा एक घाणा संपून दुसरा सुरू झाला की माल बदलतो. हरिपूरच्या पेवात एकेकाळी हळद ठेवायचे तेव्हा एका पेवातला माल दुसऱ्यात मिसळायचे नाहीत, ते याचसाठी. (ती पेवं २००५ च्या महापुरात गेली.) डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. इले कंपनीच्या टेनेक्स काडतुसांच्या डब्यावर तर त्या लॉटचा वेगही छापतात. वरच्या पातळीचे शूटर रायफल घेऊन थेट श्योनेबेकला नाहीतर इलेच्या गावी बर्मिंगहॅमला जातात, रायफल शिकंजात धरून एकेक लॉट मारून बघतात आणि जमेल त्या लॉटची वर्षभराची खरेदी एकदम करतात. आपल्याला ते कुठलं परवडायला? पण आपल्या विक्रेत्याला एवढं तर म्हणता येतं, की तीन वेगळ्या लॉटचा एकेक डबा द्या, आणि जो जमेल त्याच्या ब्रिक माझ्यासाठी बाजूला ठेवा. माझ्या विक्रेत्यानं आधी कपाळावर आठ्या घातल्या. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही हळद न्यायला आलात तर मी पोतं उघडून दाखवतो का नाही?" मग दिले.

वजनाचं खूळही करून बघितलं. सराफ कट्ट्यावरच्या एका दोस्ताच्या काट्यावर दुपारभर काडतुसं तोलली. एकेक साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. स्वस्तातल्या डब्यातून वजनानं फटकून असलेली पाच-सहा निघाली, ती वगळल्यावर पळणाऱ्या गोळ्या कमी झाल्या खऱ्या. सेंटर-एक्सच्या डब्यात वगळण्यासारखं काही सापडलंच नाही. कडेची जाडी मोजायचंही गेज मिळतं. ज्याला दुकान नाही आणि बायको माहेरी गेलीय त्यानं ते करावं.

वंगणाबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ते उघडं असल्यामुळं त्याला धूळ चिकटते आणि ती धूळ नळीत जाते. मी एकदा यार्डातून थेट रेंजवर गेलो, हात पिवळे. डब्यातली काडतुसं पिवळी झाली. सुभेदार साहेबांनी एक उचलून वास घेतला आणि म्हणाले, "शेठ, फोडणी द्यायचीय का?" तेव्हापासून साबण बॅगेत असतो. दुसरी फजिती एप्रिलची. डबा गाडीच्या काचेखाली राहिला, सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वंगण मऊ होऊन गोळीच्या एका बाजूला उतरलं. त्या दिवशीचे ग्रुप लांबच लांब उभे आले. आता काडतुसं थर्मोकोलच्या डब्यात नेतो, बर्फ न घालता. बर्फ घालू नका, दमट झालेला पुठ्ठा काही कामाचा नाही.

आता पोरांच्या बापांना. लेकाचा स्कोअर ५९० च्या खाली असेल तर एसके स्टँडर्ड प्लस किंवा त्या पायरीची कुठलीही मॅचची गोळी घ्या आणि वाचलेल्या पैशात त्याला जास्त सराव द्या. याला गणिताचा आधार आहे. माणसाची थरथर आणि गोळीचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते. पोराची स्वतःची थरथर २० मिलिमीटरची असेल, तर १७ च्या गोळीनं एकूण पसारा २६ होतो आणि १३ च्या गोळीनं २४. दोन मिलिमीटरसाठी तिप्पट-दुप्पट पैसे कशाला? तेच थरथर १० वर आली की १७ ची गोळी २० दाखवते आणि १३ ची १६. तिथं पैसे वसूल.

थोरली आता पुण्यात असते, बालेवाडीला थ्री पोझिशन मारते. तिला हे सगळे आकडे पाठवले तर तिचा फोन आला. "पप्पा, स्टँडिंगमध्ये मला कुठलीही गोळी द्या, मी तेवढेच मारणार. प्रोनसाठी तो १३ वाला लॉट ठेवा." मी म्हटलं, तो संपला. गप्प बसली. मग म्हणाली, "संपला कसा? तुमचा स्कोअर ६०३ आहे."

शेवटचे दोन डबे खरं तर कपाटात आहेत, शंभर गोळ्या. ती मेमध्ये सुट्टीला येईल तेव्हा बघू. विक्रेत्याकडं नवीन लॉट आलाय असं काल कळलं. एक डबा मोडून बघायला मागितलाय.